गतिकी या विशेष विषयासह विद्यापीठात गणिताचे अध्यापक होण्यासाठी : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

गणितात गतिकी म्हणजे काळानुसार बदलत जाणाऱ्या प्रणालींचा अभ्यास. या विषयात पीएच.डी. केलेल्या उमेदवाराचा अर्ज पुष्कळदा गुणवत्तेवर नव्हे, तर वर्गवारीवर अडतो. अर्गोडिक सिद्धान्तात (प्रणालीच्या दीर्घकाळातील सरासरी वर्तनाच्या अभ्यासात) सिद्धता देणारा शुद्ध गणिती, ग्रहांच्या कक्षांच्या स्थैर्याचा अभ्यास करणारा आणि हवामानाची प्रतिमाने तपासणारा उपयोजित गणिती, हे तिघेही स्वतःला गतिकीचे अभ्यासक म्हणवतात. छाननी समितीत मात्र या विषयाचा जाणकार असेलच असे नाही. म्हणून आपले काम नेमके कुठे बसते, हे अर्जाच्या पहिल्याच पानावर कळले पाहिजे.

त्यासाठी गणिताच्या शाखांना क्रमांक देणाऱ्या गणितीय विषय वर्गीकरणाची (एमएससी) २०२० ची आवृत्ती उपयोगी पडते. तीत गतिकीय प्रणाली व अर्गोडिक सिद्धान्त यांना ३७, साध्या अवकल समीकरणांना ३४, कण व प्रणाली यांच्या यांत्रिकीला ७० आणि द्रायू (द्रव व वायू) यांत्रिकीला ७६ हा क्रमांक आहे. ज्या अर्जांत मुख्य व दुय्यम क्रमांक विचारले जातात, तिथे मुख्य क्रमांक विचारपूर्वक द्यावा. नुसते ‘डायनॅमिक्स’ लिहिल्यास, विशेषतः अभियांत्रिकीशी जोडलेल्या विभागांत, यंत्रांची कंपने किंवा द्रवांचा प्रवाह असा अर्थ घेतला जाण्याची शक्यता असते.

पदाच्या नावाकडेही लक्ष द्यावे. ब्रिटनमध्ये लेक्चरर हे संशोधन व अध्यापन दोन्ही अपेक्षित असलेले, साधारणपणे कायम स्वरूपाचे पद आहे; अमेरिकेत हाच शब्द बहुधा केवळ अध्यापनाच्या पदाला वापरतात आणि संशोधनाची वाट असिस्टंट प्रोफेसर या पदापासून सुरू होते. जाहिरात नीट न वाचता दोन्हीकडे एकच अर्ज पाठवणे, म्हणजे एका ठिकाणी तो वाया घालवणेच आहे.

संशोधनाच्या पदासाठी पीएच.डी. जवळजवळ सर्वत्र लागते, आणि त्यानंतर पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचा मुदतीचा संशोधक) म्हणून दोन-तीन वर्षे काम केलेल्यांशी स्पर्धा करावी लागते. याशिवाय देशोदेशीच्या औपचारिक अटी वेगळ्या आहेत. फ्रान्समध्ये विद्यापीठाकडे अर्ज करण्यापूर्वी विद्यापीठांच्या राष्ट्रीय परिषदेकडून पात्रता मिळवावी लागते. त्या परिषदेत गणिताचा विभाग क्रमांक २५ आणि उपयोजित गणिताचा २६ असल्यामुळे गतिकीच्या उमेदवाराने दोन्हींकडे अर्ज करणे शहाणपणाचे असते. जर्मनीत प्राध्यापकपदासाठी पूर्वापार हॅबिलिटेशन (पीएच.डी.नंतरची आणखी एक वरची पात्रता) करावे लागे. २००२ पासून ज्युनिअर प्रोफेसर (हॅबिलिटेशनशिवाय मिळणारे मुदतीचे पद) हा दुसरा मार्ग उपलब्ध आहे.

अर्जासोबत सामान्यतः विनंतीपत्र, शैक्षणिक परिचय, प्रकाशनांची यादी, संशोधनाचे निवेदन आणि अध्यापनाचे निवेदन जोडावे लागते. प्रबंध सादर झाला असून पदवी हाती आली नसेल, तर तसे विद्यापीठाचे पत्र चालेल का, हे आधी विचारून घ्यावे. शिफारसपत्रे बहुधा तीन किंवा चार मागतात आणि ती शिफारस करणारी व्यक्ती थेट पाठवते. उमेदवाराला ती दिसत नाहीत. एखादे पत्र वेळेत न आल्यामुळे चांगला अर्जही अपुरा ठरू शकतो, म्हणून मुदतीच्या महिनाभर आधी विनंती करून नंतर विनयाने आठवण द्यावी. अमेरिकी विद्यापीठांतील गणिताच्या अनेक पदांचे अर्ज मॅथजॉब्ज या संकेतस्थळावरून जातात आणि पुष्कळ मुदती नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये असतात.

प्रकाशनांच्या यादीत गतिकीवाल्यांची एक खास अडचण असते. शुद्ध गणितात सहलेखकांची नावे वर्णानुक्रमे छापतात, तर भौतिकशास्त्राकडे झुकलेल्या नियतकालिकांत ती पुष्कळदा कामाच्या वाट्यानुसार येतात. दोन्ही प्रकारचे लेख असलेल्या उमेदवाराने याचा खुलासा यादीच्या सुरुवातीलाच एका वाक्यात करावा. नाहीतर वर्णानुक्रमाने शेवटी आलेले नाव दुय्यम समजले जाते. गणिताच्या नियतकालिकांत परीक्षणाला वर्षभराहून अधिक काळ लागणे नवलाचे नसल्याने, प्रकाशित, स्वीकृत आणि विचाराधीन लेख वेगळे दाखवून विचाराधीन लेखांचे अर्काइव्ह (arXiv, लेख छापण्यापूर्वी खुले ठेवण्याचे संकेतस्थळ) यावरील क्रमांक द्यावेत.

संशोधनाचे निवेदन लिहिताना पहिले पान कोणत्याही गणितज्ञाला समजेल असे असावे. फ्रेंच गणितज्ञ प्वांकारेने १८९० मध्ये त्रिपिंड समस्येवर (एकमेकांना आकर्षणाऱ्या तीन पिंडांच्या गतीवर) प्रसिद्ध केलेल्या निबंधापासून किंवा हवामानशास्त्रज्ञ लॉरेन्झच्या १९६३ च्या समीकरणांपासून सुरुवात करण्याचा मोह अनेकांना होतो. ते चूक नाही, पण इतिहासात अर्धे पान गेले, तर स्वतःचे प्रमेय मागे पडते. आधी प्रश्न, मग आपण सिद्ध केलेले, आणि शेवटी पुढील काही वर्षांत हाती घ्यायच्या समस्या, त्यातही एखादी पदव्युत्तर विद्यार्थ्याला देता येईल अशी, हा क्रम मला सर्वांत उपयोगी वाटतो. संगणकीय प्रयोग केले असतील, तर कोणते निष्कर्ष सिद्ध आहेत आणि कोणते केवळ आकड्यांवरून दिसतात, हे स्पष्ट वेगळे ठेवावे. शुद्ध गणिताचे परीक्षक इथे फार काटेकोर असतात.

अध्यापनाच्या निवेदनात गतिकीपेक्षा रेषीय बीजगणित, कलनशास्त्र आणि अवकल समीकरणे शिकवण्याची तयारी महत्त्वाची, कारण सुरुवातीचे तास बहुधा त्यांचेच मिळतात.

निवड झाल्यावर मूळ पदव्यांची पडताळणी होते. परदेशातील पदासाठी त्यांवर १९६१ च्या हेग करारानुसार अपोस्टिल (कागद अस्सल असल्याचा सरकारी दाखला) शिक्का मागितला जाऊ शकतो, आणि प्रमाणपत्रे दुसऱ्या भाषेत असतील, तर अधिकृत भाषांतरही जोडावे लागते.