एकाच कॉफीच्या दुकानातले दोन लॉइड्स

‘ए-वन’ नावाची बेकरी, ‘ए-वन’ सलून किंवा ‘ए-वन’ टेलर नाही असा बाजार आपल्याकडे विरळाच. मटण जमून आलं की ‘एकदम ए-वन’ अशी पावती आपण देतो, आणि देताना कुणाला जहाज आठवत नाही. पण शब्द जहाजाचाच आहे. लॉइड्स रजिस्टर या लंडनच्या संस्थेच्या वहीत चांगल्या जहाजापुढे मारलेला तो शेरा होता. हे मी कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘म्हणजे ती विमा कंपनी ना, टायटॅनिकवाली?’

तर नाही. विम्याचं ते लॉइड्स ऑफ लंडन. वहीचं ते लॉइड्स रजिस्टर. शिवाय लॉइड्स ऑफ लंडन ही मुळात कंपनीच नाही, तो विम्याचा बाजार आहे.

गाडीचं उदाहरण घेतलं तर पटकन समजेल. गाडीचं पासिंग वेगळं आणि गाडीचा विमा वेगळा. पासिंग करणारा ब्रेक, टायर, दिवे बघतो. विमावाला ठोकर बसल्यावर किती पैसे द्यायचे ते ठरवतो. लॉइड्स रजिस्टर म्हणजे जहाजाचं पासिंग, लॉइड्स ऑफ लंडन म्हणजे जहाजाचा विमा. फरक एवढाच, की एकोणिसाव्या शतकात हे पासिंग सक्तीचं नव्हतं. हा ‘एवढाच’ फरक हजारो खलाशांना फार महागात पडला, पण ते पुढे.

नावाचा घोळ झाला तो एडवर्ड लॉइड या कॉफीवाल्यामुळे. १६८८ च्या सुमारास लंडनच्या टॉवर स्ट्रीटवर त्याचं दुकान होतं, १६९१ मध्ये ते लोम्बार्ड स्ट्रीटवर गेलं. जहाजांचे मालक, कप्तान, व्यापारी आणि विमा उतरवणारे सगळे तिथेच टेकायचे. कुठलं गलबत बंदराला लागलं, कुठलं फुटलं, याची ताजी खबर कॉफीबरोबर मिळायची. लॉइडनं स्वतः ना कधी विमा उतरवला ना जहाज तपासलं. १७१३ साली तो वारला, तेव्हा या दोन्हींपैकी एकही संस्था जन्मली नव्हती. गिऱ्हाइकांनी मागाहून दोन वेगळी कामं उभी केली आणि दोन्हींना दुकानाचं नाव चिकटलं.

विम्याचं काम असं चाले. दलाल एका चिठ्ठीवर जहाज, माल, प्रवास आणि रक्कम लिहून बाजारात फिरायचा. एकानं त्यातली थोडी जोखीम घेऊन खाली सही करायची, दुसऱ्यानं आणखी थोडी घेऊन त्याच्याखाली. रक्कम भरेपर्यंत सह्या वाढत जायच्या. हा धंदा करणाऱ्याला इंग्रजीत ‘अंडररायटर’ म्हणतात ते यामुळेच, कारण तो खाली नाव लिहितो. प्रत्येकाची जबाबदारी त्याच्या सगळ्या मालमत्तेपर्यंत पोचायची, अगदी शर्टाच्या मनगटावरच्या बटणापर्यंत असं तिथे गमतीनं म्हणत. १७७१ मध्ये अशा ७९ जणांनी प्रत्येकी शंभर पौंड काढून स्वतःच्या जागेची सोय सुरू केली, १७७४ मध्ये ते रॉयल एक्स्चेंजच्या इमारतीत गेले आणि १८७१ च्या कायद्यानं त्यांना अधिकृत संस्थेचं रूप आलं.

वहीचं काम १७६० मध्ये सुरू झालं. जहाज न बघता जोखीम घेणं म्हणजे आंधळा व्यवहार, म्हणून गिऱ्हाइकांनी वर्गणी काढून जहाजं तपासणारी माणसं नेमली. सांगाड्याला ए, ई, आय, ओ, यू ही उतरती अक्षरं दिली. नांगर, साखळदंड, दोर यांच्या अवस्थेला आधी अक्षरं होती, नंतर आकडे आले. सांगाडा उत्तम आणि सामान उत्तम म्हणजे ए-१. हा शेरा वहीत १७७५-७६ च्या सुमारास दिसू लागतो. पुढे विमेकऱ्यांची एक वही आणि जहाजमालकांची दुसरी असा तंटा झाला, एकाच जहाजाला दोन वह्यांत दोन शेरे. १८३४ मध्ये दोघे एकत्र आले आणि आजचं रजिस्टर उभं राहिलं. लोखंडी जहाजं आली तेव्हा नियम पुन्हा बदलले आणि १८७० मध्ये ‘१००ए१’ हा शेरा निघाला. बांधतानाच संस्थेच्या माणसानं उभं राहून देखरेख केली असेल, तर त्यापुढे ‘माल्टाचा क्रूस’ ही खूण.

म्हणजे विमेकऱ्यांना वहीची गरज होती आणि वहीचा सर्वांत मोठा वाचक विमेकरीच होता. नातं इतकं जवळचं असल्यानं लोक दोघांना एक समजतात, यात त्यांचा फार दोष नाही.

पण या दोघांच्या मधे एक फट होती, आणि १८७० च्या दशकात तिच्यातून माणसं बुडत होती. जहाज म्हातारं झालं, दर्जा गेला, मालकानं वहीतून नाव काढून घेतलं तरी ते समुद्रावर जाऊ शकायचं. विमाही मिळायचा, फक्त हप्ता जास्त. खऱ्या किमतीपेक्षा जास्त रकमेचा विमा उतरवून, लोखंड नाहीतर कोळसा काठोकाठ भरून ते हिवाळ्यात पाठवलं तर मालकाचं नुकसान कशात होतं? पोचलं तर भाडं, बुडालं तर विमा. संशय आला तरी विमेकरी कोर्टात जात नसत. जोखीम इतक्या जणांत वाटलेली असायची, की एकेकाच्या वाट्याचा तोटा खटल्याच्या खर्चापेक्षा कमी भरायचा. जोखीम वाटून घ्यायची ती सुरेख पद्धतच इथे खलाशाच्या मुळावर आली. आणि करारावर सही केलेला खलाशी असल्या जहाजावर चढायला नकार देऊ लागला, तर त्याला तुरुंग होता. या जहाजांना लोक तरंगत्या शवपेट्या म्हणत.

हे सगळं चव्हाट्यावर आणलं सॅम्युअल प्लिम्सॉल या डर्बीच्या खासदारानं. जहाजावर भाराची मर्यादा दाखवणारी रेघ काढावी ही कल्पना मूळ त्याची नव्हती, जेम्स हॉल या टाइनमथच्या जहाजमालकानं आधीच ती मांडली होती. पण आरडाओरडा करायला प्लिम्सॉलच लागला. २२ जुलै १८७५ ला पंतप्रधान डिझरायलींच्या सरकारनं जहाजांविषयीचं विधेयक बाजूला टाकलं, तेव्हा तो भर सभागृहात मुठी नाचवत उठला आणि काही मालकांना सरळ ‘हरामखोर’ म्हणावं अशा भाषेत बोलला. शब्द मागे घेईना. आठवड्याभरात माफी मागितली खरी, पण तोवर देश पेटला होता. १८७६ च्या कायद्यानं प्रत्येक ब्रिटिश व्यापारी जहाजाच्या कुशीवर भाररेषा काढणं सक्तीचं झालं: एक गोल, त्याच्या मधून आडवी रेघ. पाणी त्या रेघेच्या वर चढता कामा नये.

मात्र रेघ कुठे काढायची ते कायद्यानं मालकावरच सोडलं! कार्डिफच्या एका कप्तानानं ती धुराड्यावर रंगवली अशी गोष्ट सांगतात. ती खरी असो वा रचलेली, कायद्याचं वर्णन तिच्याहून नेमकं करता येणार नाही.

इथे रजिस्टर पुन्हा येतं. किती भार सुरक्षित, याचा हिशोब त्यांच्याकडे जुना होता. १८३५ पासून त्यांचा ठोकताळा होता की मालखान्याच्या दर फूट खोलीमागे जहाजाची तीन इंच कूस पाण्याबाहेर असावी. तो नुसता सल्ला होता. १८८२ मध्ये त्यांचे मुख्य तपासनीस बेंजामिन मार्टेल यांनी याची सविस्तर कोष्टकं केली. १८९० च्या कायद्यानं मालकाची मर्जी संपली, रेघेची जागा ठरवून दिली जाऊ लागली, आणि ती ठरवण्याचं काम लॉइड्स रजिस्टरसारख्या संस्थांकडे आलं. गोलाच्या दोन बाजूंना एल आणि आर ही अक्षरं आली ती यातून. विमेकऱ्यांच्या लॉइड्सचा त्या रेघेवर काही हक्क नाही.

त्या रेघेजवळ आणखी रेघा असायच्या: गोड्या पाण्याची, उन्हाळ्याची, हिवाळ्याची, उत्तर अटलांटिकच्या हिवाळ्याची. त्यांतल्या एकीला आय-एस म्हणत, म्हणजे ‘इंडियन समर’. हिंदी समुद्रात उघाडीच्या महिन्यांत जहाज थोडं जास्त खोल भरलं तरी चालेल, असा तिचा अर्थ. नारळी पौर्णिमेला नारळ सोडून होडी काढायची आणि पावसाच्या तोंडाशी ती वर ओढायची, हे कोकणातल्या कोळ्याला कुणी रेघ मारून शिकवलं नव्हतं. पुढे १९३० च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर या रेघेची जागा ‘ट्रॉपिकल’नं घेतली.

जहाज फुटलं की मग विम्याच्या लॉइड्सचं काम सुरू. तिथे एक घंटा आहे, ‘ल्यूटीन’ नावाच्या युद्धनौकेची. ती १७९९ मध्ये सोनं घेऊन जाताना हॉलंडच्या किनाऱ्यालगत बुडाली, त्या सोन्याचा विमा लॉइड्सनं भरून दिला, आणि १८५८ मध्ये तिची घंटा पाण्याबाहेर निघाली. उशीर झालेलं जहाज बुडाल्याची खबर आली तर एक टोला, सुखरूप पोचल्याची आली तर दोन, असा रिवाज पडला. टोला सगळ्यांना एकाच वेळी ऐकू जावा, कारण उशिराच्या जहाजाच्या जोखमीवरसुद्धा बाजारात सौदे चालायचे. आधी कळलेल्यानं दुसऱ्याला गंडवू नये, ही त्या घंटेमागची व्यावहारिक गोष्ट. श्रद्धांजलीचा भाग नंतरचा.

काही जहाजांसाठी एकही टोला पडायचा नाही, कारण खबरच यायची नाही. ‘नारोनिक’ हे व्हाइट स्टार कंपनीचं जवळजवळ कोरं जहाज ११ फेब्रुवारी १८९३ ला लिव्हरपूलहून न्यूयॉर्कला निघालं, ७४ माणसं घेऊन. दोन रिकाम्या होड्या तेवढ्या सापडल्या. अशा जहाजाचं नाव शेवटी लॉइड्सच्या ‘बेपत्ता’ फलकावर लागायचं आणि ते बुडालं असं धरून पैसे दिले जायचे. आपल्या किनाऱ्याचंही एक बेपत्ता जहाज आहे. नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालेली ‘वैतरणा’. नाव आपल्या नदीचं, पण तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून गुजरातेत लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. सातशेवर माणसं घेऊन ती सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली, फळीसुद्धा हाती लागली नाही. नंतरच्या चौकशीत निघालं की जीवरक्षक होड्या आणि पट्टे पुरेसे नव्हते.

आता तो ठरलेला प्रश्न, टायटॅनिकचा. १९१२ मध्ये तिचा विमा लॉइड्स ऑफ लंडनच्या बाजारात उतरवला होता, दहा लाख पौंडांचा, आणि ती बुडाल्यावर पैसे झटपट चुकते झाले. पण लॉइड्स रजिस्टरच्या दर्जाची ती नव्हतीच. तिच्या मालकांनी तो घेतलाच नव्हता. एकाच जहाजाला एक लॉइड्स होतं आणि दुसरं नव्हतं. दोघांतला फरक याहून सोपा करून मला सांगता येत नाही.

बाकी लॉइड्सची भानगड थोडक्यात. लॉइड्स बँक बर्मिंगहॅमची, १७६५ ची, तिच्या लॉइडचा या कॉफीवाल्याशी संबंध नाही. उरणच्या रस्त्यावर ट्रकवरून जाणाऱ्या नारिंगी हापाग-लॉइड कंटेनरवरचं नाव जर्मन जहाज कंपनीचं. समुद्राच्या धंद्यात लॉइड नावाला वजन होतं, म्हणून युरोपभर ते उचललं गेलं. आणि जणू घोळ कमी होता म्हणून, लंडनमध्ये विम्याच्या लॉइड्सची १९८६ ची पोलादी इमारत आणि रजिस्टरच्या फेनचर्च स्ट्रीटवरच्या जुन्या इमारतीची नवी जोड, दोन्ही रिचर्ड रॉजर्स या एकाच वास्तुविशारदाच्या हातच्या.

भारतानं १९७५ मध्ये स्वतःची वही उघडली, इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग, मुख्यालय पवईत. तिनं रेघ ठरवलेल्या जहाजावर गोलाच्या बाजूंना आय आणि आर असतात. भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं जाताना नांगर टाकलेल्या मोठ्या जहाजाजवळून गेलात तर कुशीच्या मध्यावर तो गोल शोधा. रिकाम्या जहाजावर तो पाण्याच्या बराच वर दिसतो. जहाज कुणी तपासलं ते त्या दोन अक्षरांवरून कळतं. विमा कुणी उतरवला, ते जहाजाच्या अंगावर कुठेच लिहिलेलं नसतं.