सलून उरले, थर्ड क्लासचे डबे गेले : दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयामागचा इतिहास

दिल्लीत चाणक्यपुरीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात शिरले की बहुतेक जण आधी इंजिनांकडे वळतात. ते साहजिकही आहे. 1855 साली इंग्लंडमधल्या लीड्स शहरात बांधलेली ‘फेअरी क्वीन’ या संग्रहालयाच्या संग्रहातली, आणि पतियाळा संस्थानची एका रुळावर धावणारी गाडीही इथेच आहे. मराठी माणसाला तर ओळखीच्या खुणा लगेच सापडतात. माथेरानच्या छोट्या गाडीचे इंजिन इथे आहे. मुंबईच्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला म्हणजे जीआयपी रेल्वेने बोरघाट आणि थळघाटात मालगाड्या चढवण्यासाठी आणलेले, लांब नाकाचे विजेचे इंजिनही इथे आहे. आपल्याकडचे रेल्वे कर्मचारी त्याला ‘खेकडा’ म्हणत. पण इंजिन पाहून गाडी कशी धावत होती ते कळते. गाडीत कोण, कसे बसत होते हे कळायला डब्यांपाशीच थांबावे लागते. आणि डब्यांच्या रांगेत सगळ्यात उठून दिसतात ते राजेमहाराजांचे सलून, म्हणजे त्यांच्यासाठी बांधलेले खास डबे.

हे सलून इथवर कसे आले, आणि त्याच काळात कोट्यवधी लोकांना वाहून नेणारे थर्ड क्लासचे लाकडी डबे मात्र इतके दुर्मिळ का झाले, हे समजून घेतल्याशिवाय हे संग्रहालय पुरते पाहून होत नाही, असे मला वाटते.

संग्रहालयाच्या उभारणीत एका इंग्रज माणसाचा मोठा वाटा आहे. मायकेल सॅटो हे आयसीआय या रसायन कंपनीचे भारतातले अधिकारी. रेल्वे हा त्यांचा ध्यास. ठिकठिकाणच्या शेडमध्ये गंजत पडलेली जुनी इंजिने आणि डबे त्यांनी हुडकून काढले. पतियाळाची एकरुळी गाडी 1927 च्या सुमारास बंद पडली होती; 1962 साली ती त्यांना तिथल्या बांधकाम खात्याच्या आवारात सापडली. हा ठेवा भंगारात जाण्याआधी वाचवा, हे त्यांनी रेल्वेच्या अधिकाऱ्यांच्या गळी उतरवले. 7 ऑक्टोबर 1971 रोजी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि 1 फेब्रुवारी 1977 रोजी तेव्हाचे रेल्वेमंत्री कमलापती त्रिपाठी यांनी संग्रहालयाचे उद्घाटन केले. इंग्लंडमधले यॉर्कचे प्रसिद्ध रेल्वे संग्रहालय 1975 सालचे. म्हणजे आपण त्यांच्या मागे फार नव्हतो.

सलून मिळण्याचे कारण राजकीय होते. बडोदा, म्हैसूर, निजाम, जोधपूर, बिकानेर अशा अनेक संस्थानांच्या स्वतःच्या रेल्वे होत्या. 1 एप्रिल 1950 पासून या संस्थानी रेल्वे केंद्र सरकारकडे आल्या. राज्येच गेल्यावर राजांच्या खास डब्यांना काम उरले नाही. पण हे डबे मुळात फार कमी धावलेले. वर्षातले बरेच दिवस ते स्वतंत्र शेडमध्ये, झाकून, राखणदाराच्या नजरेखाली उभे असत. त्यामुळे संग्रहालयाची वेळ आली तेव्हा त्यांचे सागवान अजून धड होते.

त्यांतला सर्वांत जुन्यांपैकी एक म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्सचा सलून. राणी व्हिक्टोरियाचा थोरला मुलगा, पुढचा सातवा एडवर्ड, 1875-76 च्या हिवाळ्यात हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला. त्यासाठी हा डबा 1875 मध्ये बांधला गेला. म्हैसूरच्या महाराजांचा सलून 1899 चा. सागवानी लाकूड, त्यावर हस्तिदंती आणि सोनेरी काम. बडोद्याच्या गायकवाडांचा सलून 1886 चा, आणि तो बांधला गेला मुंबईत, बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया (बीबीसीआय) रेल्वेच्या परळच्या कारखान्यात. इंदूरच्या होळकरांचा सलूनही याच संग्रहालयात आहे.

गायकवाडांच्या सलूनपाशी मी जरा रेंगाळेन. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक मुलगा दत्तक जाऊन बडोद्याचा राजा होतो, ही सयाजीरावांची गोष्ट आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. हा सलून बांधला तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. पण बडोद्याचे रेल्वेशी नाते त्यांच्याही आधीचे. मियागाम ते डभोई ही अडीच फूट रुंदीची लोहमार्गाची वाट खंडेराव महाराजांच्या काळात, 1862 साली सुरू झाली. रूळ हलके होते, त्यामुळे सुरुवातीला तिथे गाडी बैल ओढत. वाफेची इंजिने नियमित धावू लागली ती 1873 पासून. कापूस बाजारात नेणे हा त्या मार्गाचा मुख्य हेतू. ज्या संस्थानाने बैलांच्या रेल्वेपासून सुरुवात केली, त्याच संस्थानाच्या राजासाठी चोवीस वर्षांत परळला असा डबा तयार झाला. तो नुसता छानछोकीचा नमुना म्हणून पाहू नये. परळच्या सुतार-लोहारांनी किती थोड्या काळात काय आत्मसात केले होते, त्याचा तो पुरावा आहे.

आता दुसऱ्या बाजूकडे येऊ. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली गाडी आपल्याला शाळेपासून पाठ आहे: चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने, 34 किलोमीटरचा प्रवास. त्यातले एकही इंजिन आज शिल्लक नाही. देशातली पहिली प्रवासी गाडी, आणि दाखवायला तिचे एक इंजिनही उरलेले नाही, ही मला खरोखर सलणारी गोष्ट आहे. वस्तू कामाची असते तोवर ती वापरली जाते; काम संपले की वितळवली जाते. जपून ठेवावी असे कोणाला वाटेपर्यंत उशीर झालेला असतो.

थर्ड क्लासच्या डब्यांचे हेच झाले. 1874 मध्ये तर जीआयपी रेल्वेने चौथा वर्गही काढला होता. त्यात बाकेच नव्हती. लोक उभे राहत किंवा फरशीवर बसत. 1885 मध्ये त्यात बाके आली आणि तोच नवा तिसरा वर्ग झाला. रेल्वेचे बहुसंख्य प्रवासी या सर्वांत खालच्या वर्गात असत, आणि प्रवासी भाड्याचे बहुतेक उत्पन्नही त्यांच्याच तिकिटांतून येई. शौचालयाची सोय वरच्या वर्गात आधी झाली. खालच्या वर्गाला तिची पुष्कळ वर्षे वाट पाहावी लागली. त्या काळातला प्रवासी लांबच्या प्रवासात स्टेशन येण्याची वाट पाहत पोट दाबून बसे, आणि उतरल्यावर गाडी सुटण्याची धास्ती असे. यात बायकांचे किती हाल झाले असतील, त्याची नोंद फारशी कोणी ठेवली नाही.

नोंद ठेवणारा एक प्रवासी मात्र होता. 1902 मध्ये गांधी कलकत्त्याहून राजकोटला थर्ड क्लासने निघाले, देशातल्या गरिबांचा प्रवास स्वतः अनुभवायला. त्यांना निरोप द्यायला गोपाळ कृष्ण गोखले हावडा स्टेशनवर गेले. तू फर्स्ट क्लासने निघाला असतास तर मी आलो नसतो, आता मात्र आलेच पाहिजे, अशा अर्थाचे ते बोलले. वाटेसाठी पुऱ्या आणि लाडू भरलेला धातूचा डबाही गोखल्यांनीच दिला होता. पुढे सप्टेंबर 1917 मध्ये गांधींनी मुंबई ते मद्रास या मेलगाडीच्या प्रवासाचे सविस्तर वर्णन वृत्तपत्रांसाठी लिहिले. तिकीट 13 रुपये 9 आणे. डब्यावर बावीस प्रवाशांची मर्यादा लिहिलेली, तीही फक्त बसण्यापुरती. झोपायची काही सोय नाही. पुण्यापर्यंत आकडा कसाबसा राखला गेला, तोही दांडग्या प्रवाशांनी बाकीच्यांना आत येऊ दिले नाही म्हणून. रायचूरनंतर तर माणसांचा रेटा सोसवेना. बराचसा वेळ पस्तिसाहून कमी माणसे डब्यात नव्हती. दोन रात्री लोक घाणीत, फरशीवर पडून किंवा उभे राहून गेले आणि डबा एकदाही झाडला गेला नाही. फर्स्ट क्लासचे भाडे तिसऱ्या वर्गाच्या पाचपटीहून अधिक आहे हे मान्य करून त्यांनी विचारले की तिसऱ्या वर्गाला त्या सुखाचा पाचवा, निदान दहावा हिस्सा तरी मिळतो का? सलूनची मखमल पाहताना हा हिशेब आठवावा.

मग हे डबे गेले कुठे? एक कारण म्हणजे लाकूड. लोखंडी चौकटीवर सागवानी सांगाडा, अशी जुन्या डब्यांची घडण होती. दोन गाड्यांची टक्कर झाली की एक डबा दुसऱ्यात घुसायचा आणि आतली माणसे चिरडायची. आगीची भीती वेगळी. स्वातंत्र्यानंतर लाकडी डबे काढून संपूर्ण पोलादी डबे आणायचे ठरले. स्विस कंपनीच्या तंत्रज्ञानावर मद्रासजवळ पेरांबूरला कारखाना उभा राहिला आणि 2 ऑक्टोबर 1955 रोजी पंडित नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले. जसजसे पोलादी डबे आले तसतसे लाकडी डबे कंडम ठरत गेले. कंडम डब्याची चौकट कुठे कामाला येई, लाकूड लिलावात जाई. हा निर्णय योग्यच होता. त्याने असंख्य जीव वाचले. मात्र तेव्हा प्रत्येक रेल्वेने एकेक साधा डबा बाजूला काढला असता तर आज आपल्यापाशी त्या प्रवाशांचा पुरावा असता.

मुंबई-पुण्याच्या माणसाला हा बदल डेक्कन क्वीनच्या निमित्ताने चांगला समजतो. 1 जून 1930 रोजी ही गाडी सुरू झाली तेव्हा तिला प्रत्येकी सात डब्यांच्या दोन गाड्या होत्या. एक रुपेरी रंगाची आणि लाल पट्ट्यांची, दुसरी गडद निळी आणि सोनेरी रेघांची. खालच्या चौकटी इंग्लंडहून आल्या, पण डब्यांचे सांगाडे बांधले जीआयपीच्या माटुंग्याच्या वर्कशॉपने. गाडीत फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. थर्ड क्लासचा प्रवासी या गाडीत बसू शकला तो थेट जून 1955 मध्ये, म्हणजे स्वातंत्र्यानंतर आठ वर्षांनी. 1966 मध्ये जुने डबे जाऊन पेरांबूरचे पोलादी डबे आले.

थर्ड क्लास हे नाव रेल्वेने 1974 मध्ये काढून टाकले. तो वर्ग सेकंड क्लास झाला. नाव बदलले तरी झोपायचे बर्थ बऱ्याच गाड्यांत लाकडी फळीचेच राहिले. फेब्रुवारी 1977 मध्ये दिल्लीत सलून लोकांना पाहायला खुले झाले आणि पुढच्याच महिन्यात सरकार बदलले. राजापूरचे खासदार मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले. सेकंड क्लासच्या त्या कठीण फळीवर दोन इंचांचा फोम घालण्याचा निर्णय त्यांचा. 26 डिसेंबर 1977 रोजी मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, तीही सगळ्यांसाठी एकाच वर्गाची. रेल्वेच्या इतिहासात याहून मोठा समतेचा निर्णय मला तरी दिसत नाही. रात्रीच्या गाडीने गावी जाणाऱ्या कोट्यवधी लोकांच्या पाठीला तो कळला.

संग्रहालये आता वाढली आहेत. म्हैसूरचे 1979 मध्ये झाले. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचे संग्रहालय 2002 मध्ये झाले. सातपुड्यातल्या छोट्या गाड्यांचा इतिहास पाहायला विदर्भातल्या माणसाला दिल्ली गाठायची गरज नाही. त्याच वर्षी चेन्नईत पेरांबूरच्या कारखान्याजवळही एक संग्रहालय सुरू झाले.

आणि नेमकी आत्ता एक संधी हातात आहे. पेरांबूरने जुन्या घडणीचा शेवटचा डबा जानेवारी 2018 मध्ये बाहेर काढला. त्याची जागा आता मूळ जर्मन घडणीचे नवे एलएचबी डबे घेत आहेत, आणि ते निळे, गजांच्या खिडक्यांचे स्लीपर डबे वर्षागणिक कंडम होत आहेत. सहासष्ट साली डेक्कन क्वीनचे जुने डबे गेले तसेच हे जातील. परळ आणि माटुंगा या दोन्ही कारखान्यांनी प्रत्येकी एक साधा स्लीपर डबा, त्याच्या फोमच्या बर्थसकट, साखळी ओढायच्या दांड्यासकट आणि भिंतीवर प्रवाशांनी कोरलेल्या नावांसकट, रंग न चढवता बाजूला ठेवावा. त्यासाठी जागा थोडीच लागेल, आणि हे डबे अजून हजारोंनी धावत असल्याने एखादा निवडून ठेवायला आज काहीच अवघड नाही.