बिघाड कंपनीचा, भुर्दंड कुणाचा?

आर्थिक वर्ष संपत आलं की नागपुरात इतवारी, गांधीबागेच्या ठोक बाजारात हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या रिन्यूअलचा विषय निघतोच. सॉफ्टवेअर विकणाऱ्या पार्टनरचा फोन येतो आणि इकडून ठरलेलं उत्तर जातं, "चालते नं भाऊ आमचं, मंग कायले पैसे भरू?" व्यापाऱ्याचं म्हणणं असं की पैसे देऊन घेतलेल्या मालात खोट निघाली तर ती विकणाऱ्यानं काढून द्यावी. कूलरचा पंप वॉरंटीत जळाला तर दुकानदार पंप बदलून देतो, नवीन कूलर गळ्यात मारत नाही. सॉफ्टवेअरच्या धंद्यात मात्र पुष्कळदा नवीन कूलरच घ्यावा लागला. असं का झालं ते समजायला बरंच मागं जावं लागतं.

१९६० च्या दशकात सॉफ्टवेअरला स्वतःची किंमत अशी जवळपास नव्हतीच. आयबीएमची अवाढव्य यंत्रं बहुधा भाड्यानं मिळत. प्रोग्रॅम, ते बसवून देणारे इंजिनिअर आणि चुकांची दुरुस्ती हे सगळं त्या भाड्यातच असे. जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकी सरकारनं मक्तेदारीविरोधी खटला भरला आणि त्याच वर्षी २३ जूनला आयबीएमनं सॉफ्टवेअर व सेवा यंत्रापासून वेगळ्या विकायचं जाहीर केलं. आजचा सॉफ्टवेअरचा बाजार त्यातूनच वाढला. पण एक कुरबूरही तेव्हाच जन्माला आली: प्रोग्रॅमची किंमत वेगळी झाली, तर त्यातल्या चुकीची किंमत कुणाकडे?

फ्लॉपीच्या काळात कंपन्यांनी उत्तर परवान्याच्या बारीक अक्षरांत लिहून टाकलं. माल जसा आहे तसा घ्या, चूक निघाली तर जबाबदारी आमची नाही. डीबेस या माहिती साठवायच्या सॉफ्टवेअरचं नाव तेव्हा आपल्याकडच्या कॉम्प्युटर क्लासवाल्यांच्या पाटीवर हमखास असे. त्याची चौथी आवृत्ती १९८८ मध्ये बाजारात आली ती चुकांनी भरलेली. धड चालणारी १.१ यायला १९९० उजाडलं आणि १९९१ मध्ये अ‍ॅश्टन-टेट ही ते बनवणारी कंपनीच बोरलँड या दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली. १९९३ च्या एमएस-डॉस ६.० मध्ये डिस्कवरची जागा वाढवणारी सोय होती, तिच्यामुळे डेटा बिघडल्याच्या तक्रारी आल्या. त्याच वर्षी ६.२ निघालं. मॉडेम असेल त्याला ती दुरुस्ती फुकट उतरवून घेता येई, फ्लॉपीवर हवी असेल तर सुमारे दहा डॉलर. त्या दहा डॉलरचं समर्थन करता येतं, कारण फ्लॉपी भरून पोस्टानं पाठवायला खर्च होताच. पुढे इंटरनेटनं तो खर्च संपवला. बिल काही संपलं नाही.

आपल्याकडे हा वाद उशिरा आला, त्याचं कारण उघड आहे. निम्म्याहून जास्त काम क्रॅक कॉपीवर. चोरीच्या सीडीवरून बसवलेल्या फोटोशॉपची तक्रार नेणार कुणाकडे?

वादाचं सगळ्यात उघडंनागडं रूप दिसलं मे २०१२ मध्ये. फोटोशॉप, इलस्ट्रेटर आणि फ्लॅश प्रोफेशनल यांच्या जुन्या आवृत्त्यांत सुरक्षेच्या गंभीर चुका असल्याचं अ‍ॅडोबीनं स्वतःच जाहीर केलं. मुद्दाम बिघडवलेली फाइल उघडली की हल्लेखोराला मशीनचा ताबा मिळू शकत होता. उपाय म्हणून सांगितलं, नुकतीच आलेली सीएस६ ही नवी आवृत्ती विकत घ्या. एकट्या फोटोशॉपच्या अपग्रेडचे १९९ डॉलर. सीएस५ विकायला लागून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. ज्यांना अपग्रेड करायचं नाही त्यांनी अनोळखी फाइल जपून उघडाव्या, असा सल्लाही सोबत होता.

हा सल्ला नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या फ्लेक्सवाल्याला देऊन पाहा. दिवसभर गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह घेऊन येतं. कुणाचा वाढदिवस, कुणाची लग्नपत्रिका, कुणाचं भूमिपूजन. अनोळखी फाइल उघडणं हाच त्याचा धंदा. ऑपरेटरनं जपून उघडायचं म्हणजे दुकानाचं शटर पाडायचं. आरडाओरडा झाल्यावर अ‍ॅडोबीनं काही दिवसांतच माघार घेतली आणि जुन्या आवृत्त्यांनाही पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, देण्याचं कबूल केलं. पुढच्याच वर्षी, मे २०१३ मध्ये, नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर मिळतील असं ठरलं. त्यानं वाद मिटला खरा, पण कसा? दुरुस्ती आणि सुधारणा एकाच मासिक हप्त्यात घातल्यावर विचारायला वेगळं काही उरत नाही.

मराठी डीटीपीवाल्यांना सीएस६ वेगळ्याच कारणासाठी आठवतं. त्याच्या इनडिझाइन या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी आली. त्याआधी युनिकोडमध्ये टाइप केलेलं 'विदर्भ' पानावर टाकलं की पहिली वेलांटी 'व'च्या उजवीकडे जाऊन बसायची आणि रफार सुटून हलन्त 'र' उभा राहायचा. पानं जुळवायच्या जुन्या पेजमेकरची तर २००१ ची सातवी आवृत्तीही युनिकोड ओळखत नसे, म्हणून कितीतरी छापखाने जुन्या फॉन्टांवरच अडकून राहिले. आता हा बग की नव्या आवृत्तीतलं नवं फीचर? कंपनीच्या लेखी फीचर. ज्याची पत्रिका चुकीची छापली गेली त्याच्या लेखी निखालस चूक. दुरुस्ती कुठे संपते आणि सुधारणा कुठे सुरू होते, ही रेघ नेहमी विकणाऱ्यानं ओढली आणि भांडणाचं मूळ मला तिथंच दिसतं.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही रेघ आणखी पुसट होते, कारण तिथं सरकारही सामील असतं. १ एप्रिल २००५ ला महाराष्ट्रात व्हॅट आला, १ जुलै २०१७ ला जीएसटी. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना नोंदीतल्या प्रत्येक बदलाचा माग राखणारं सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक झालं. टॅलीचा परवाना कायमचा असतो, पण नवी रिलीज हवी तर टीएसएस ही वर्गणी चालू लागते. कायदा बदलला म्हणून पुन्हा कोड लिहावा लागला, तर त्याचे पैसे मागण्यात मला काही गैर वाटत नाही. ती कंपनीची चूक नव्हेच. एखाद्या रिपोर्टची बेरीज चुकत असेल, तर ती मात्र पैसे न मागता सुधारून मिळाली पाहिजे. पंचाईत एवढीच, की कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये या दोन्ही गोष्टी बहुधा एकाच रिलीजमधून येतात.

पैसे भरेल त्यालाच दुरुस्ती, या धोरणाचा सार्वजनिक फटका मे २०१७ मध्ये दिसला. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला होता. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं वॉनाक्राय पसरलं तेव्हा एक्सपीसाठीचा पॅच तयार होता, पण वेगळा करार करून पैसे भरणाऱ्या संस्थांपुरता. हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी मायक्रोसॉफ्टनं तो सगळ्यांना मोकळा केला. जूनमध्ये नॉटपेट्या हे दुसरं घातक सॉफ्टवेअर आलं. तेही विंडोजमधली तीच फट वापरत होतं आणि त्यानं मर्स्क या जहाज कंपनीच्या हातातलं न्हावाशेवा बंदरातलं टर्मिनल ठप्प केलं.

कायदे त्यानंतर हलू लागले. युरोपच्या २०२४ च्या सायबर रेझिलिअन्स अ‍ॅक्टप्रमाणे साधारणपणे किमान पाच वर्षं सुरक्षा अपडेट द्यावे लागतील, तेही सहसा विनामूल्य आणि शक्य तिथं नव्या फीचरपासून वेगळे. त्याची मुख्य बंधनं ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्येच टीसीएसच्या खटल्यात तयार सॉफ्टवेअर हा 'माल' ठरवला होता. पण तो विक्रीकर लावण्यासाठी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूची भरपाई आहे, अपडेट किती वर्षं द्यायचे याचा आकडा नाही.

युरोपातला आणि आपल्याकडचा हा फरक विंडोज १० च्या वेळी लगेच कळला. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. घरगुती ग्राहकाला आणखी एक वर्ष हवं असेल तर ३० डॉलर, रिवॉर्ड पॉइंट किंवा सेटिंग्जचा बॅकअप कंपनीच्या क्लाउडवर, असे पर्याय होते. युरोपातल्या ग्राहकांना बॅकअपची अट माफ झाली, कारण तिथल्या ग्राहक संघटना भांडल्या. कंपन्यांना मात्र पहिल्या वर्षाचे दर मशीनमागे ६१ डॉलर आणि दरवर्षी दुप्पट.