पहाटे साडेतीनची भूक

दुपारचा एक वाजला होता, पुण्यात मी पान वाढून घेत होते आणि आईचा फोन आला. ती भावाकडे न्यू जर्सीला पोहोचून तिसरा दिवस. मे महिना, म्हणजे तिकडे पहाटेचे साडेतीन.

“स्वयंपाकघरात बसलेय. सगळे झोपलेत. भूक लागली म्हणून दूध-पोहे खाल्ले. अगं, इथं रस्त्यावर एक माणूस दिसत नाही. कशाला आले मी?” आवाज रडवेला होता.

“होईल सवय,” एवढंच मी म्हणाले. नंतर या विषयावर वाचत गेले, तेव्हा त्या उत्तराची फार खंत वाटली. आईने पहिल्या तीन दिवसांत पाहिलेली अमेरिका बरीचशी तिच्या स्वतःच्या शरीरात घडत होती, आणि हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

सुरुवात विमानातच होते. मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे साडेबारा हजार किलोमीटर, थेट विमानाने पंधरा-सोळा तास. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर असतं, पण आतला हवेचा दाब समुद्रसपाटीइतका ठेवत नाहीत. तो जास्तीत जास्त आठ हजार फुटांच्या डोंगरावर असेल इतपत उतरू देतात. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आहे. त्याच्या पावणेदोन पट उंचीवर आपण रात्रभर बसून असतो. तिथे प्रत्येक श्वासाबरोबर ऑक्सिजन समुद्रकिनाऱ्याच्या जेमतेम पाऊणपट मिळतो. पोटातला वायू तिसऱ्या हिश्शाने फुगतो, म्हणून कमरेचा पट्टा काचतो. हवेतली आर्द्रता दहा ते वीस टक्के, आपल्या कडक उन्हाळ्यातल्या दुपारसारखी कोरडी. नाकाच्या आतली ओल आटते, आणि वासाशिवाय चव ती किती राहणार? विमानातलं जेवण बेचव लागतं याचा सगळा दोष स्वयंपाक्याचा नसतो. तासन्‌तास बसून पाय सुजतात. क्वचित पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, म्हणून दर तासा-दीड तासाने उठून चार पावलं टाकायची.

उतरताना कानांची पाळी. कानाच्या पडद्यामागची पोकळी आणि घसा यांना जोडणारी एक बारीक नळी आहे. विमान वर जाताना कानातली हवा तिच्यातून सहज बाहेर पडते, पण खाली येताना बाहेरची हवा आत शिरायला त्रास होतो. नळी मिटून बसते, कानाला दडे बसतात. अशा कानांनी आपण इमिग्रेशनच्या खिडकीपाशी उभे राहतो आणि अधिकाऱ्याचे अनोळखी उच्चार ऐकतो. आईला वाटलं, आपलं इंग्रजी अगदीच कच्चं. गिळलं, जांभई दिली की ती नळी उघडते, हे माहीत असतं तर लाजिरवाण्या वाटलेल्या त्या पाच मिनिटांचा भार थोडा हलका झाला असता.

नाकाचं एक वेगळंच. भावाच्या घरी बॅग उघडली आणि गोड्या मसाल्याचा वास घरभर झाला. आई म्हणाली, “आपला मसाला इतका वासाचा आहे हे मला कधी कळलंच नव्हतं.” कळणार कसं? जो वास सतत भोवती असतो त्याची दखल घेणं मेंदू थांबवतो. परक्या हवेत चार तास काढल्यावर तोच वास बातमी म्हणून पोहोचतो. कुठल्याही नव्या देशाचा वास पहिल्या दिवशीच सगळ्यात स्पष्ट येतो आणि आठवड्याभरात नाहीसा होतो, त्याचंही कारण हेच.

आता मुख्य गोष्ट. दोन डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या लगेच वर साधारण वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे: सुप्राकायझ्मॅटिक न्यूक्लिअस. शरीराचं मुख्य घड्याळ ते हे. झोप कधी यावी, शरीराचं तापमान कधी उतरावं, कुठलं संप्रेरक कधी स्रवावं, ही सगळी वेळापत्रकं इथून चालतात. १९९९ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी माणसांना मंद उजेडात, बाहेरच्या दिवसरात्रीचा पत्ता लागू न देता ठेवून या घड्याळाचा फेरा मोजला. तो सरासरी चोवीस तास अकरा मिनिटांचा निघाला. म्हणजे घड्याळ रोज थोडं मागे पडतं आणि सूर्यप्रकाश ते रोज जुळवून घेतो.

हा आकडा वाचला आणि मला आनंदीबाई जोशी आठवल्या. १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. दोन्ही शहरांच्या सूर्याच्या वेळेत जवळजवळ अकरा तासांचं अंतर आहे. साठ दिवसांत भागा: रोज सरासरी अकरा मिनिटं! बोट काही रोज सारखीच पश्चिमेला सरकली नसणार, आणि आकडे जुळले हा योगायोगच. तरी शरीराचं घड्याळ आपणहून जेवढं मागे पडतं, तेवढ्याच चालीने ती बोट मागे पडत्या वेळेकडे निघाली होती, या विचाराने मी हरखून गेले. त्या प्रवासात हाल होते, एकटेपण होतं, पण पहाटे साडेतीनची ही भूक नव्हती. माझ्या आईने जवळपास तेवढंच वेळेचं अंतर पंधरा तासांत कापलं.

तिचं घड्याळ पुण्यातच होतं. पहाटे चार-साडेचारला शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं आणि झोप सर्वांत गाढ ओढते. भारतातले चार-साडेचार म्हणजे तिकडचे आदल्या संध्याकाळचे साडेसहा-सात. नेमक्या त्याच वेळी भावाचे शेजारी तिला भेटायला आले. आई सोफ्यावर बसल्या बसल्या डुलत होती आणि मनात म्हणत होती, ही माणसं कोरडी आहेत. रात्री तीनला तिच्या पोटात दुपारचे साडेबारा वाजत होते. त्यात यकृत आणि आतडी यांची स्वतःची घड्याळं असतात, ती मुख्यतः जेवणाच्या वेळेवर चालतात. मेंदू एका गतीने सरकतो, पोट दुसऱ्या. भरीला अपुरी झोप. झोप न मिळालेल्या माणसाच्या मेंदूत भीतीचं आणि भावनांचं केंद्र, अमिग्डाला, अप्रिय गोष्टींना कितीतरी जास्त जोराने प्रतिसाद देतं, हे २००७ मधल्या मेंदूच्या स्कॅनवरच्या अभ्यासात दिसलं. परक्या देशाबद्दलची आपली पहिली मतं अशा मेंदूत तयार होतात, आणि ती वर्षानुवर्षं टिकतात.

उपाय उजेडाचा, पण वेळ साधावी लागते. तापमान तळाला जाण्याआधी डोळ्यांवर पडलेला उजेड घड्याळ मागे ढकलतो, नंतर पडलेला पुढे. पश्चिमेला गेलेल्या माणसाला मागे जायचं असतं. म्हणून न्यू जर्सीत पहिले दोन-तीन दिवस दुपारभर, सहापर्यंत, बाहेर उन्हात फिरावं. उजेड लक्स या एककात मोजतात; ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर हजारो लक्स उजेड असतो. घरात दिवे लावून शे-दोनशे. मे महिन्यात तिथे आठ वाजेपर्यंत दिवस असतो, तेव्हा पहिल्या संध्याकाळी सातनंतर पडदे ओढून घेतलेले बरे. एवढं करूनही घड्याळ दिवसाला तास-दीड तासच सरकतं. साडेनऊ तासांना आठवडा तरी द्यावाच लागतो. इन्सुलिन किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी वेळा कशा बदलायच्या हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून लिहून घ्यावं. विमानतळावर बसून करायचा हा हिशेब नाही.

परतीचा प्रवास जास्त जड जातो, कारण तेव्हा घड्याळ पुढे ओढायचं असतं आणि त्याचा कल तर मागे पडण्याकडे. त्यात आपण सवयीने सकाळी गॅलरीत उन्हात बसतो. न्यूयॉर्कची पहाट साडेचारची म्हणजे इथली दुपार दोनची. त्याआधीचं ऊन पहिल्या दिवशी घड्याळ उलट्या दिशेला नेतं. दुपारी तीननंतर बाहेर पडावं.

हे सगळं मी आईला फोनवर सांगितलं, भावालाही सांगितलं. तो तिला दुपारी बागेत नेऊ लागला. अकराव्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा इथे संध्याकाळचे पाच वाजले होते, तिकडे सकाळचे साडेसात. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. “थांब हं जरा,” ती म्हणाली, आणि काच सरकवल्याचा आवाज आला. “समोरच्या बाई कुत्र्याला घेऊन निघाल्यात. रोज हात करतात मला.”