हिमोग्लोबिन उतरलं, पण लोह गेलं कुठं?

सहाव्या महिन्यात रक्ततपासणीचा कागद हातात येतो आणि हिमोग्लोबिन एखाद्या ग्रॅमनं उतरलेलं दिसतं. जेवण नीट चालू आहे, रक्तस्राव झालेला नाही, मग हे काय?

बरेचदा त्यातलं काहीच कुठं गेलेलं नसतं. गरोदरपणात रक्तातला पातळ भाग, म्हणजे रक्तद्रव, ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो. तांबड्या पेशी मात्र २० ते ३० टक्क्यांनीच. पेशी वाढूनही रक्त पातळ होतं आणि आकडा खाली येतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना रक्तक्षयाची रेषा पहिल्या आणि शेवटच्या तिमाहीत डेसिलिटरला ११ ग्रॅमवर आखते, मधल्या तिमाहीत १०.५ वर.

खरी चणचण लोहाच्या साठ्याची असते. तिचा माग फेरिटिनच्या, म्हणजे लोह साठवणाऱ्या प्रथिनाच्या, तपासणीत लागतो, कारण हिमोग्लोबिन घसरण्याआधी साठा आटतो. पूर्ण गरोदरपणाला साधारण १००० मिलिग्रॅम लोह लागतं: बाळ आणि वार मिळून ३००, आईच्या वाढीव तांबड्या पेशींना ५००च्या आसपास, उरलेलं रोजच्या झिजेत. पाळी थांबल्यानं थोडं वाचतं खरं, पण अनेक जणींचा साठा ३०० मिलिग्रॅमच्याही आत असतो. त्यात वार आपला वाटा सोडत नाही. आईच्या रक्तातलं लोह पकडून ती ते बाळाकडं पाठवते, आणि ही वाहतूक एकाच दिशेची.

आता गोळी. वेष्टनावर ‘फेरस सल्फेट ३०० मिलिग्रॅम’ वाचून घाबरायचं कारण नाही, त्यात प्रत्यक्ष लोह ६०च असतं. गरोदर बाईनं रोज ३० ते ६० मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घ्यावं, अशी आरोग्य संघटनेची शिफारस आहे; रक्तक्षय असेल तर मात्रा डॉक्टर वाढवतात. यातलं थोडंच अंगी लागतं. आतड्यातून किती लोह आत घ्यायचं हे यकृतात तयार होणारं हेप्सिडिन नावाचं संप्रेरक ठरवतं. गरोदरपणाच्या उत्तरार्धात ते कमी होतं, म्हणजे दार जरा जास्त उघडतं. तरीही न शोषलेलं लोह उरतंच आणि शी काळी होते. या रंगाची तक्रार पुष्कळ जणी करतात, पण त्यात बिघडलेलं काही नसतं. मळमळ आणि पोट साफ न होणं मात्र खरं दुखणं. त्यापायी गोळी गुपचूप बंद करण्यापेक्षा डॉक्टरांना सांगून मात्रा किंवा प्रकार बदलून घेतलेला बरा. चहा-कॉफी आणि कॅल्शियमची गोळी यांच्यासोबत लोह घेऊ नये, दोन तासांचं अंतर ठेवावं.

तीन-चार आठवडे गोळी नेमानं घेऊनही आकडा हलला नाही, तर नुसती मात्रा वाढवत बसू नये. बी १२ची कमतरता असेल, थॅलेसेमियाचा, म्हणजे हिमोग्लोबिन कमी बनवणाऱ्या आनुवंशिक आजाराचा, वारसा असेल, किंवा लोह आत जातच नसेल. यातल्या शेवटच्या अडचणीवर पहिल्या तिमाहीनंतर शिरेतून लोह देता येतं.

पुष्कळ जणी आकडा सुधारला की गोळी सोडतात. घाई होते ती इथं. साठा भरायला आणखी काही महिने लागतात, आणि बाळंतपणात अर्धा लिटर रक्त गेलं तर त्याबरोबर २०० मिलिग्रॅमच्या आसपास लोह जातं. म्हणून जिथं गरोदरपणातला रक्तक्षय सर्रास आढळतो, तिथं बाळंतपणानंतरही ६ ते १२ आठवडे गोळी चालू ठेवायला सांगतात.