निखळलेला दात: दुधाचा असेल तर, आणि कायमचा असेल तर

शाळेच्या मैदानावर धावताना मूल तोंडावर आपटते, रक्त येऊ लागते आणि मातीत पुढचा एक दात मुळासकट पडलेला दिसतो. तिथे असलेल्या शिक्षकाला किंवा पालकाला त्या क्षणी एकच गोष्ट ठरवायची असते, ती म्हणजे या दाताचे काय करायचे. याची उत्तरे दोन आहेत आणि ती एकमेकांच्या अगदी उलट आहेत. दात कायमचा असेल, तर तो शक्य तितक्या लवकर, जमल्यास तिथल्या तिथे, ज्या खोबणीतून निखळला तिच्यातच परत बसवावा. दात दुधाचा असेल, तर तो कधीही परत बसवू नये. अपघात सारखाच, रक्त सारखेच, आणि साधारण सहा ते बारा वर्षे या वयात तर एकाच जबड्यात दोन्ही प्रकारचे दात शेजारी शेजारी असतात. त्यामुळे गफलत सहज होते, आणि ती दोन्ही बाजूंनी महागात पडते.

आपल्याकडे मुलाचा पडलेला दात उंदराच्या बिळात टाकण्याची किंवा कौलांवर फेकण्याची चाल आहे. हलून हलून आपोआप पडलेल्या दुधाच्या दातापुरती ती निरुपद्रवी आहे आणि तिच्यात मुलांना आनंदही वाटतो. मात्र लहान मुलाचा दात पडणे ही काळजी करण्यासारखी गोष्ट नाही, आज पडला तर उद्या नवा येईल, अशी समजूतही तिच्याबरोबरच घरात रुजते. आठ वर्षांच्या मुलीचा वरचा पटाशीचा दात सायकलवरून पडल्यामुळे निखळला, तर त्या जागी दुसरा दात येणार नसतो. तो दात मैदानावरच सोडून मुलीला फक्त तोंड धुऊन घरी आणले जाते, तेव्हा जे वाचवता आले असते ते गमावलेले असते, आणि मला या विषयातली सर्वांत दुःखाची बाब हीच वाटते.

दोन उत्तरे इतकी वेगळी का, हे दात हाडात कसा धरून ठेवलेला असतो यावरून कळते. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्या मुळापासून खोबणीच्या भिंतीपर्यंत बारीक तंतूंचे एक पातळ आवरण असते आणि त्या तंतूंनी दात तोलून धरलेला असतो. जोराचा फटका बसून दात निखळतो तेव्हा हे आवरण फाटते. त्याचा काही भाग खोबणीत राहतो आणि काही भाग मुळाला चिकटून बाहेर येतो. मुळावरच्या त्या पेशी जिवंत असताना दात परत बसवला, तर दोन्ही बाजू पुन्हा जुळून येऊ शकतात. मात्र त्या पेशींना कोरडेपणा सहन होत नाही. उघड्या हवेत अर्धा तास गेल्यावर त्यांची स्थिती बिघडत जाते आणि एक तास कोरड्या राहिलेल्या दातावरच्या पेशी वाचण्याची आशा जवळजवळ उरत नाही. तंतू मेल्यावर बसवलेला दात काही वर्षे टिकतो, पण हाड त्याला थेट चिकटते आणि मूळ हळूहळू झिजून त्याची जागा हाड घेते. वाढत्या वयातल्या मुलाचा जबडा वाढत राहतो आणि चिकटलेला दात मात्र होता तिथेच राहतो, म्हणून तो शेजारच्या दातांपेक्षा आखूड दिसू लागतो.

दुधाच्या दातालाही असेच तंतू असतात. तरीही तो परत बसवायचा नाही, कारण त्याच्या मुळाच्या टोकाजवळ, वरच्या पटाशीच्या दातांच्या बाबतीत टाळूच्या बाजूला, पुढे येणाऱ्या कायमच्या दाताचा अंकुर हाडात वाढत असतो. निखळलेला दुधाचा दात पुन्हा आत दाबला, तर त्याचे मूळ किंवा खोबणीत साचलेली रक्ताची गुठळी त्या अंकुरावर रेटली जाऊ शकते. बसवलेल्या दातात पुढे पू झाला, तर त्याची झळही अंकुरालाच लागते. काही वर्षांनी पडणारच असलेल्या दातासाठी आयुष्यभर लागणाऱ्या दाताला धोक्यात घालणे कोणत्याही हिशेबाने योग्य ठरत नाही.

आता प्रश्न ओळखण्याचा. पहिला आधार वयाचा. दुधाचे वीस दात साधारण अडीच ते तीन वर्षांपर्यंत येऊन जातात आणि सुमारे सहाव्या वर्षापर्यंत तोंडात पुढच्या बाजूला तेच असतात. म्हणून तीन-चार वर्षांच्या मुलाचा निखळलेला पुढचा दात दुधाचाच असतो. खालचे मधले दोन पटाशीचे दात सहा ते सात वर्षांच्या सुमारास बदलतात, वरचे मधले दोन सात ते आठच्या सुमारास आणि त्यांच्या बाजूचे वरचे दोन आठ ते नऊच्या सुमारास. सुळे आणि उपदाढांची अदलाबदल त्यानंतर बाराव्या वर्षापर्यंत चालू राहते. हे आकडे सरासरीचे आहेत आणि एखादे वर्ष मागेपुढे होणे स्वाभाविक आहे. म्हणून साडेसहा-सात वर्षांच्या मुलाच्या बाबतीत केवळ वयावर विसंबून चालत नाही.

दुसरा आधार दाताच्या आकाराचा आणि तो फार उपयोगी आहे. वरचा मधला दुधाचा दात सरासरी साडेसहा मिलिमीटर रुंद असतो आणि त्याचा हिरडीबाहेरचा भाग सुमारे सहा मिलिमीटर उंच असतो, म्हणजे तो उंचीपेक्षा किंचित रुंदच दिसतो. त्याच जागचा कायमचा दात साडेआठ मिलिमीटरच्या आसपास रुंद आणि त्याहून उंच, चांगला ठसठशीत असतो. दुधाचा दात दुधासारखा पांढरा असतो, तर कायमचा दात त्याच्याशेजारी ठेवला तर पिवळसर वाटतो. ‘दात पिवळा पडला’ अशी आईबापांची तक्रार अनेकदा याच फरकामुळे असते. नुकत्याच आलेल्या कायमच्या पटाशीच्या दाताची धार सरळ नसते, तिला तीन बारीक उंचवटे असतात आणि ती करवतीसारखी दिसते. मुलाच्या तोंडात शेजारी अजून जागेवर असलेला जोडीचा दात पाहिला, तर उत्तर बहुतेक वेळा तिथेच मिळते.

मूळ पाहून मात्र बहुतेकांची फसगत होते. आपोआप पडलेल्या दुधाच्या दाताला मूळ जवळजवळ नसतेच, कारण खालून येणाऱ्या दातामुळे ते झिजून गेलेले असते. त्यावरून ‘मूळ असेल तो कायमचा’ असा समज होतो आणि तो चुकीचा आहे. दोन-तीन वर्षांच्या मुलाचा दात फटक्याने निखळला, तर तो लांब, पूर्ण मुळासकट बाहेर येतो आणि तरीही तो दुधाचाच असतो. उलट आठ वर्षांच्या मुलाच्या कायमच्या दाताचे मूळ अजून पूर्ण झालेले नसते. वरच्या मधल्या दाताचे मूळ साधारण दहाव्या वर्षापर्यंत पूर्ण होते, तोवर त्याचे टोक रुंद आणि पोकळ नळीसारखे उघडे असते. ते पाहून दात मोडला आहे, आता काही उपयोग नाही, असे समजून तो टाकून दिला जातो. खरे तर अशा उघड्या टोकाच्या दातात रक्तवाहिन्या पुन्हा शिरून तो आतूनही जिवंत राहण्याची थोडी शक्यता असते. म्हणजे जो दात सर्वांत आधी टाकून दिला जातो, त्याच्याकडूनच सर्वांत जास्त आशा बाळगता येते.

कायमचा दात निखळला आहे अशी खात्री असेल, तर काही मिनिटांत पुढील गोष्टी कराव्यात. दात उचलताना तो तोंडात दिसणाऱ्या भागाला धरावा, मुळाला बोट लावू नये. माती लागली असेल तर दूध, सलाइन किंवा त्या मुलाची स्वतःची लाळ वापरून तो हलकेच विसळावा. घासू नये, पुसू नये, खरवडू नये आणि त्याला साबण, हळद, लवंगेचे तेल किंवा जंतुनाशक लावू नये. आपल्या घरांत जखम झाली की हळदीकडे हात जातो आणि त्यामागचा भाव चांगलाच असतो, परंतु इथे मुळावरच्या पेशी जिवंत ठेवायच्या आहेत, आणि चोळून लावलेली कोणतीही पूड त्यांना मारक ठरते. मग शेजारचा दात पाहून पुढची बाजू पुढे ठेवून दात हलक्या दाबाने खोबणीत बसवावा आणि मुलाला स्वच्छ रुमालावर दात हळू चावून धरायला सांगावे. रक्त येत असले तरी बसवायला हरकत नाही. त्यानंतर लगेच दंतवैद्याकडे जावे.

बसवण्याचे धैर्य झाले नाही, मूल घाबरून तोंड उघडत नसले किंवा ते शुद्धीवर नसले, तर दात थंड दुधाच्या पेल्यात बुडवून न्यावा. दूध सांगण्याचे कारण असे की ते जवळजवळ प्रत्येक घरात आणि प्रत्येक चहाच्या टपरीवर मिळते आणि त्याची घडण पेशींना झेपणारी असते. साध्या पाण्यात पेशी पाणी शोषून फुगतात आणि फुटतात, म्हणून पाणी हा साठवण्याचा चांगला मार्ग नव्हे. तरीही दुसरे काहीच हाताशी नसेल, तर कोरडा ठेवण्यापेक्षा पाणी बरे. प्रौढ माणसाला दात गालाच्या आत ठेवूनही नेता येतो, लहान मुलाला मात्र तसे सांगू नये, कारण ते गिळून टाकण्याची भीती असते. कागदात, कापसात किंवा रुमालात गुंडाळून खिशात ठेवलेला दात दवाखान्यात पोहोचेपर्यंत कोरडा झालेला असतो, आणि दुर्दैवाने बहुतेक दात असेच येतात. एक तास उलटून गेला तरी दात टाकून मात्र देऊ नये. उशिरा बसवलेला दात फार काळ टिकला नाही, तरी वाढीच्या वयात त्या जागेचे हाड आणि चेहऱ्याची ठेवण राखायला तो मदत करतो.

दुधाच्या दाताच्या बाबतीत घाई वेगळ्या गोष्टीची असते. रक्त थांबवण्यासाठी स्वच्छ कापडाची घडी दहा मिनिटे दाबून धरावी आणि सुजलेल्या ओठाला बाहेरून गार फडके लावावे. मग निखळलेला दात प्रत्यक्ष सापडला आहे का, हे पाहावे. तो सापडला नाही, तर तीन शक्यता तपासाव्या लागतात. तो ओठात रुतला असेल, गिळला गेला असेल, किंवा श्वासनलिकेत गेला असेल. मूल सतत खोकत असेल किंवा त्याला श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर १०८ वर फोन करून सरळ रुग्णालयात न्यावे. आणखी एक शक्यता अशी की दात निखळलेलाच नसतो, तर तो वर हाडात घुसलेला असतो आणि हिरडीत फक्त रिकामी जागा दिसते. असा दुधाचा दात ओढून काढण्याचा प्रयत्न घरी करू नये. अनेकदा तो पुढच्या सहा महिन्यांत, क्वचित वर्षभरात, आपोआप खाली उतरतो. तो कोणत्या दिशेला घुसला आहे, हे एक्स-रेवरून दंतवैद्य पाहतात.

दात दुधाचा की कायमचा हे वरच्या सर्व खुणा पाहूनही ठरत नसेल, तर तो बसवू नये, फेकू नये, दुधात टाकावा आणि निघावे. हाच एक मार्ग दोन्ही बाजूंनी कमीत कमी धोक्याचा आहे. वाटेत दंतवैद्याला फोन करता आला, तर मुलाचे वय, वरचा दात की खालचा, अपघात किती वाजता झाला आणि दात किती मिनिटे कोरडा होता, एवढे सांगावे. यांतला शेवटचा तपशील उपचारासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच कोणाच्या लक्षात राहत नाही. मूल बेशुद्ध झाले असेल, वारंवार ओकत असेल किंवा जबडा नीट मिटत नसेल, तर दाताचा विचार मागे ठेवून आधी डोक्याच्या दुखापतीवर उपचार व्हायला हवेत. जखमेत माती गेली असेल तर धनुर्वाताच्या लशीची चौकशी दोन्ही प्रसंगी करावी.

पुढचा काळही दोघांचा वेगळा असतो. बसवलेला कायमचा दात शेजारच्या दातांना लवचिक तारेने साधारण दोन आठवडे बांधून ठेवतात, त्या काळात मऊ अन्न आणि मऊ ब्रश वापरायचा असतो. मूळ पूर्ण झालेले असेल तर पहिल्या दोन आठवड्यांतच रूट कॅनल सुरू करावे लागते. दात दुखत नाही, घट्टही बसला आहे, म्हणून ते पुढे ढकलू नये, कारण आतल्या मेलेल्या भागामुळे मूळ कोणतीही कळ न येता झिजत जाते. दुधाचा दात गेलेल्या मुलाला तार बांधायची नसते आणि रूट कॅनलचाही प्रश्न नसतो. तिथे पाहावे लागते ते पुढे येणाऱ्या दाताकडे, म्हणून त्या अपघाताची तारीख घरी लिहून ठेवावी. पाच-सहा वर्षांनी त्याच जागचा कायमचा दात पांढऱ्या किंवा तपकिरी डागासह आला, वाकडा आला, किंवा शेजारचा येऊन सहा महिने झाले तरी आलाच नाही, तर दंतवैद्याला ती तारीख आणि तो प्रसंग सांगावा.