लाल यीस्ट पांढरं होतं तेव्हा

यीस्टला मानवतात ३० अंश. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, म्हणून एम.एस्सी. करणारी माझी भाची तिच्या पेट्री डिश थंड इन्क्युबेटरमध्ये जपते. गेल्या महिन्यात तिनं एका डिशचा फोटो दाखवला: लाल ठिपक्यांच्या गर्दीत एकच पांढरा. "मामा, हा पाहा न! हा बरा झाला."

प्रत्येक ठिपका म्हणजे एका पेशीपासून वाढलेली वसाहत. हे यीस्ट पाव फुगवणारंच, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. त्याचं एडीई२ जनुक बिघडलं की ॲडेनिन हा डीएनएचा घटक तयार करण्याचं काम अर्ध्यावर अडतं आणि मधलाच पदार्थ पेशीत साचून लाल होतो. भाचीच्या यीस्टमध्ये एकच अक्षर बदललंय, पण त्यामुळे जनुकाच्या संदेशात भलत्याच जागी 'यूएए' हा थांबा, म्हणजे 'प्रथिन इथं संपव' सांगणारी तीन अक्षरं, आलाय. प्रथिन तिथंच अपुरं राहतं.

मग पांढऱ्या वसाहतीत तो थांबा पुसला गेला का? तसं होऊ शकतं. पण दुसरी वाट मला जास्त विलक्षण वाटते. जुना बिघाड जागच्या जागी राहतो, आणि भलत्याच जनुकात नवा बिघाड होतो. टी-आरएनए हे रेणू संदेशातली तीन-तीन अक्षरं वाचून नेमकं अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाचा एक मणी, आणून देतात. त्यातल्या टायरोसिन हे अमिनो आम्ल आणणाऱ्याचं वाचायच्या जागचं एक अक्षर बदललं, की तो थांब्यापाशीच टायरोसिन आणून ठेवतो. प्रथिन पूर्ण होतं. हे सप्रेसर उत्परिवर्तन, म्हणजे जुना बिघाड झाकणारा नवा बदल.

मग टायरोसिनच्या खऱ्या जागा कोण भरणार? यीस्टकडे या टी-आरएनएची आठ जनुकं आहेत. एक फिरलं तरी सात आपलं काम करत राहतात! इतर जनुकांचे खरे थांबेही अधूनमधून ओलांडले जातात, पण थांबा ओळखणारी प्रथिनं या बदललेल्या टी-आरएनएशी चढाओढ करतात, म्हणून पेशी तगते.

आता पारख. पांढऱ्या यीस्टचा निरोगी यीस्टशी संकर करायचा आणि त्यातून निघणारे बीजाणू वेगवेगळे वाढवायचे; दोन्ही पालकांची जनुकं त्यांच्यात वाटली जातात. मूळ चूकच दुरुस्त झाली असेल, तर एकही वसाहत लाल निघणार नाही. सप्रेसर दुसऱ्या गुणसूत्रावर असेल, तर वाटणीत दोन्ही बदलांची ताटातूट होते: साधारण चौथा हिस्सा बीजाणूंच्या वाट्याला जुना बिघाड येतो, सप्रेसर येत नाही, आणि त्यांच्या वसाहती लाल होतात.

काल रात्री भाचीचा फोन आला. "मामा, लाल निघाले न!"